मदत हवी आहे: आईच्या रिपोर्टात गर्भपिशवीचं अस्तर 11 मिमी

खडीसाखर: काल आईची सोनोग्राफी झाली. 'ईटी 11 मिमी' लिहिलंय, म्हणजे अस्तराची जाडी. डॉक्टर सोमवारपर्यंत नाहीत. 11 म्हणजे जास्त का? लवकर सांगा, आई सारखी विचारतेय.

भाकरतुकडा: वय? पाळी चालू की गेली? नुसत्या आकड्यावरून काय सांगणार? पाळी चालू असेल तर ती संपता संपता 3-4 असतं, पुढची जवळ आली की 14-15 पण नॉर्मल.

जास्वंद२१: माझं 6 च्या वर जातच नव्हतं, टेस्ट ट्यूबमधला गर्भ पिशवीत सोडायचा होता, ती ट्रान्सफर दोनदा पुढे ढकलली. 7 तरी लागतं म्हणाले. बीट-डाळिंब सुरू करा.

भाकरतुकडा: ताई, त्यांच्या आईला मूल नकोय हो!

खडीसाखर: आई 58. पाळी जाऊन 7 वर्षं झाली.

बाबूकाका: पिशवी काढून टाका. आमच्या वहिनीची काढली, कटकटच गेली.

सोनोवाली: काहीही काय काका! खडीसाखर, डाग पडला का कधी? पाळी गेल्यावर रक्त दिसलं आणि अस्तर 4 च्या वर असलं तर अस्तराचा तुकडा काढून तपासतातच (बायोप्सी). रक्त नसेल तर 4 ची रेघ लागू नाही. आणि सोनोग्राफी पोटावरून की आतून, योनीमार्गातून? अस्तर आतूनच नीट दिसतं. सगळ्यात जाड जागी या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन्ही थर मिळून मोजतात. मधे पाणी साठलं असेल तर ते धरायचं नाही.

खडीसाखर: पोटावरून. तांब्याभर पाणी पिऊन दीड तास बसवलं बिचारीला.

बाबूकाका: आमच्याकडे तर तीन तास! नंबर आला तेव्हा वहिनी बाथरूममध्ये.

खडीसाखर: डाग दिवाळीत दोनदा पडला होता, फिकट गुलाबी. उष्णता म्हणून सोडून दिलं. गोळ्या फक्त बीपीची आणि स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची टॅमॉक्सिफेन.

सोनोवाली: 'फक्त'?! हे आधी सांगायचं ना. त्या गोळीने अस्तर जाड होतं, पॉलिप म्हणजे मांसाचे कोंब होतात, क्वचित कॅन्सरही. अस्तराखाली पाण्याच्या बारीक पोकळ्या झाल्या की मापही फसतं. आता 11 का 9 यात अडकू नका, डाग पडलाय म्हणजे बायोप्सी हवीच. सोमवारची वाट कशाला, कॅन्सरच्या डॉक्टरांना आजच फोन करा. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

बाबूकाका: म्हणजे पिशवी काढावीच लागणार, मी म्हटलंच होतं.

भाकरतुकडा: काका, बास.

जास्वंद२१: माझी बायोप्सी ओपीडीतच झाली, बारीक नळीने. पाळीत दुखतं तसं दुखलं, घरी रिक्षाने आले.

खडीसाखर: फोन केला. उद्या 11 ला बोलावलंय, आधी आतून सोनोग्राफी. पाणी पाजून नेऊ का?

सोनोवाली: नको. लघवी करूनच आत पाठवा.