हिअरबाय, देअरऑफ, व्हेअरबाय: हे शब्द फोडायचे कसे?

घराच्या लिव्ह अँड लायसन्सचा इंग्रजी ड्राफ्ट वाचत बसले होते. करार जेमतेम ११ महिन्यांचा, पण पहिल्याच पानावर 'हिअरइनआफ्टर' दोनदा आणि घरमालकाच्या नावापुढे कंसात 'अनलेस रिपग्नंट टु द कॉन्टेक्स्ट ऑर मीनिंग देअरऑफ'. एजंटला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते असतंच." हिअर म्हणजे इथे, ऑफ म्हणजे चा, मग हिअरऑफ म्हणजे 'इथेचा'? हिअर, देअर, व्हेअरने सुरू होणाऱ्या या शब्दांना काही नियम आहे, की एकेक पाठच करायचा?

---

ताई, पाठ अजिबात करू नका. इथे हिअर म्हणजे 'इथे' नव्हे, 'हे'. देअर म्हणजे 'ते' आणि व्हेअर म्हणजे 'जे'. मागचं बाय, ऑफ, इन आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं चिकटलंय. एरवी इंग्रजीत ते आधी येतं, इथे मात्र मराठीसारखं मागे. त्यामुळे हिअरबाय = याद्वारे, देअरइन = त्यात, देअरआफ्टर = त्यानंतर, व्हेअरबाय = ज्यायोगे. तुमच्या कंसातलं देअरऑफ म्हणजे 'त्याच्या', संदर्भाशी किंवा त्याच्या अर्थाशी विसंगत नसेल तर. हिअरइनआफ्टर तर शासकीय अधिसूचनांत तुकड्याला तुकडा जोडून उतरलाय: 'यात यापुढे'.

यातला एक शब्द तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. संविधानाच्या उद्देशिकेत इंग्रजीत 'डू हिअरबाय अडॉप्ट', मराठीत 'याद्वारे हे संविधान अंगीकृत'.

जर्मन शिकलेल्यांना यात नवल वाटणार नाही. दामिट, दारिन, दाफोन हे तिकडे भाजी घेतानाही बोलतात. इंग्रजीत मात्र बोलण्यातून गेले आणि वकिलांच्या कागदात अडकले.

फक्त व्हेअरअ‍ॅज असा फोडू नका. खरेदीखताच्या सुरुवातीला येतो तो म्हणजे 'ज्याअर्थी', आणि चार परिच्छेदांनंतरचं 'नाऊ देअरफोर' म्हणजे 'त्याअर्थी, आता'. मला विचाराल तर इथे मराठीच वाचायला सोपी. 'ज्याअर्थी' दिसलं की पुढे कुठेतरी 'त्याअर्थी' येणार हे कानाला माहीत असतं.

---

थोडी भर. हिदर, दिदर, व्हिदर म्हणजे इकडे, तिकडे, कुठे. हेन्स, देन्स, व्हेन्स म्हणजे इथून, तिथून, कुठून. आपण दिवसभर वापरतो ते इंग्रजांनी जवळजवळ टाकून दिलंय. त्यामुळे 'फ्रॉम व्हेन्स' मला 'कुठूनपासून' म्हटल्यासारखं खटकतं.

---

खटकू दे, पण चूक म्हणू नका! १६११ च्या किंग जेम्स बायबलात, १२१ व्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत 'फ्रॉम व्हेन्स' आहे.

---

सगळ्यांचे आभार. ड्राफ्ट पुन्हा वाचला, बराच उलगडला. 'पार्टीज हिअरटू' म्हणजे या कराराचे पक्षकार, हे माझं मीच लावलं. एकच अडलंय: डिपॉझिट 'ऑन ऑर बिफोर द डेट हिअरऑफ' द्यायचं आहे. ही तारीख कराराची की राहायला जायची?

---

'या'ची, म्हणजे त्या कागदाची. कराराची तारीख. राहायला पुढच्या महिन्यात जाणार असाल आणि डिपॉझिट तेव्हा द्यायचं ठरलं असेल, तर ती तारीख आकड्यात घालून घ्या, सही करायच्या आधी.