अट घालून हे जमत नाही

गरीब घरातल्या मुलांनी मध्येच शाळा सोडू नये म्हणून काय करावं, या चर्चेत 'मुलांना काम द्या, पण शाळेत नाव असेल तरच काम, अशी अट घाला, मुलं आपोआप टिकतील,' असं दोघातिघांनी लिहिलंय. पटण्यासारखं आहे, पण हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेलाय. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात, 1978 ते 1980, 17 ठिकाणी गरीब घरातल्या 16 ते 19 वयाच्या मुलांना नोकरीची चक्क हमी दिली होती: शाळा चालू असताना अर्धवेळ, उन्हाळ्यात पूर्णवेळ, किमान वेतनावर. अट एकच, शाळा सोडायची नाही. सोडली असेल तर परत जायचं. मुलांनी कामं भरभरून घेतली, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांमधली बेकारी बरीच घटली. शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण मात्र ढिम्म हललं नाही.

मला यात आश्चर्य वाटत नाही. नववीतलं गणित ज्याच्या डोक्यावरून जातंय, त्याला संध्याकाळच्या पगाराने ते कसं समजणार? (वर अभ्यासाचे तासही गेले.) त्यामुळे कार्यक्रम वाईट ठरत नाही, हातात पैसा आणि कामाचा अनुभव येतोच. फक्त तो शाळागळतीवरचा उपाय म्हणून विकू नये. त्यासाठी शिकवणारं माणूसच लागतं, आणि तेही गळतीच्या दोनतीन वर्षं आधी.