डिक्स स्पोर्टिंग गुड्सने बंदुकांची विक्री आवरती घेतली, तेव्हा गिऱ्हाइके एवढी का दुखावली?

मोनोंगहेला (प्रश्न)

गेली अकरा वर्षे मी पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गच्या पश्चिमेला राहतो. खेळाचे साहित्य आणि बंदुका विकणाऱ्या डिक्स स्पोर्टिंग गुड्स या दुकानसाखळीचे मुख्यालय असलेले कोराओपोलिस आमच्या घरापासून जवळच आहे आणि मुलाची बेसबॉलची बॅट, हातमोजा, बूट ही सगळी खरेदी आम्ही वर्षानुवर्षे त्याच दुकानातून करत आलो आहोत. आमचे शेजारी, ज्यांना आमची मुले आजोबा म्हणतात, ते मुरलेले शिकारी आहेत. थँक्सगिव्हिंगनंतर हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की नारिंगी जाकीट चढवून ते भल्या पहाटे गाडी काढतात आणि त्यांनी आणलेले मांस आजूबाजूच्या तीन-चार घरांत वाटले जाते. गेल्या महिन्यात त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला मी त्या दुकानाचे गिफ्ट कार्ड दिले. त्यांनी पाकीट उघडले, कार्डावरचे नाव वाचले, कार्ड पुन्हा पाकिटात सरकवले आणि ते माझ्या हातात परत देत, २०१८ पासून आमच्या घरातले कोणीही त्या दुकानाची पायरी चढलेले नाही, एवढेच शांतपणे सांगितले.

मला आठवतो तो घटनाक्रम असा आहे. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलंड येथील शाळेत १९ वर्षांच्या एका तरुणाने १७ जणांचा जीव घेतला. त्याने वापरलेली एआर-१५ या लष्करी धाटणीची रायफल डिक्समधून घेतलेली नव्हती. परंतु नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच तरुणाला याच कंपनीच्या एका दुकानाने एक शॉटगन विकली होती आणि ती विक्री पूर्णपणे कायदेशीर होती. कंपनीचे प्रमुख एडवर्ड स्टॅक यांना ही गोष्ट फार लागली. २८ फेब्रुवारीला त्यांनी जाहीर केले की लष्करी धाटणीच्या रायफली आणि मोठ्या क्षमतेची मॅगझिन (गोळ्या भरण्याच्या पेट्या) यांची विक्री आपल्या सर्व दुकानांतून कायमची बंद होईल आणि २१ वर्षांखालील कोणालाही कोणतीच बंदूक विकली जाणार नाही.

स्टॅक स्वतः बंदुका बाळगणारे गृहस्थ आहेत आणि रिपब्लिकन पक्षाला देणग्या देत आले आहेत, त्यामुळे हा निर्णय त्यांनी हलक्या मनाने घेतला असेल असे मला वाटत नाही. माझ्या शेजाऱ्यांनाही मी समंजस माणूस म्हणूनच ओळखतो. शिकारीची साधी रायफल आणि शॉटगन त्या दुकानात पुढेही मिळत होती, मग त्यांना एवढे काय खुपले? आणि कायद्याने जे विकायला मुभा दिली आहे ते विकायला नकार देणे हे दुकानदाराचे काम आहे का? ज्यांना या व्यवहाराची आतून माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

काउंटरमागची

ओहायोतील एका खेळसाहित्याच्या दुकानात मी चार वर्षे बंदुकांच्या काउंटरवर काम केले आहे. ते दुकान डिक्सचे नव्हते. तरीही तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या कामावरून देता येईल, असे वाटते.

बंदूक विकण्याची रीत अशी असते. भिंतीवरच्या रायफलींच्या चापामधून साखळी ओवलेली असते आणि तिची किल्ली पाळीवरच्या एकाच माणसाच्या कमरेला असते. गिऱ्हाइकाने ४४७३ क्रमांकाचा फॉर्म स्वतः भरायचा असतो. आपल्यावर फौजदारी खटला चालू आहे का, अमली पदार्थांचे व्यसन आहे का, न्यायालयाने कधी मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवले आहे का, हे प्रश्न त्यात असतात. मग आम्ही एफबीआयच्या तपासणी यंत्रणेकडे माहिती पाठवायचो आणि पुष्कळदा काही मिनिटांतच 'द्या', 'थांबा' किंवा 'देऊ नका' यांपैकी एक उत्तर यायचे. ही यंत्रणा १९९८ पासून चालू आहे. ती फक्त नोंदी पाहते, समोरचा माणूस तिला दिसत नाही. पार्कलंडच्या तरुणाबद्दल इशारे आधीच दिले गेले होते, पण विक्री अडवील अशी कोणतीही नोंद त्याच्या नावावर नव्हती. म्हणून स्टॅक यांनी, आम्ही सगळे नियम पाळले आणि तरीही बंदूक त्याच्या हाती गेली, अशा अर्थाचे जे उद्गार काढले, ते काउंटरवर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला समजतात.

आता 'थांबा' या उत्तराकडे पाहा. सर्वसाधारणपणे तीन कामकाजाचे दिवस उलटूनही पुढचे उत्तर आले नाही, तर संघराज्याचा कायदा दुकानदाराला बंदूक देण्याची परवानगी देतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला त्याचे पिस्तूल याच वाटेने मिळाले होते. आमचे मालक मात्र स्पष्ट होकार येईपर्यंत बंदूक काउंटरवरून हलू देत नसत. एकदा एक गृहस्थ चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच आले, पावती काचेवर ठेवली आणि कायद्याचे कलम मला तोंडपाठ म्हणून दाखवले. मी आत जाऊन मालकांना विचारले. मालक बाहेर आले, त्यांनी गल्ल्यातून पूर्ण पैसे काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि होकार आला की मी स्वतः फोन करीन, असे सांगितले. ते गृहस्थ पैसे न उचलता निघून गेले. सहा दिवसांनी होकार आल्यावर येऊन बंदूक घेऊन गेले आणि पुढेही आमच्याकडेच येत राहिले.

म्हणजे कायद्याच्या पुढे एक पाऊल जाऊन नकार देणे ही रीत २०१८ मध्ये जन्माला आलेली नाही. वॉलमार्टसुद्धा होकाराशिवाय बंदूक देत नाही. त्यांनी १९९३ मध्येच अलास्का वगळता सगळीकडची पिस्तुलांची विक्री थांबवली, २०१५ मध्ये लष्करी धाटणीच्या रायफली काढल्या आणि २८ फेब्रुवारी २०१८ रोजी, डिक्सच्याच दिवशी, वयाची अट २१ वर नेली. माझ्या मते दुकानदाराचे काम परवाना दाखवून माल हवाली करण्यापाशी संपत नाही, आणि ज्याच्या दुकानात माणूस मारण्याची ताकद असलेली वस्तू मिळते त्याचे तर मुळीच संपत नाही.

सह्यकडा

मी टेक्सासमध्ये राहतो, परवानगीच्या हंगामात शिकार करतो आणि माझ्याकडे तीन रायफली आहेत. काउंटरमागची ताईंचा मी आदर करतो, पण त्यांच्या मालकांची गोष्ट आणि डिक्सची गोष्ट मला एक वाटत नाही.

दुखावलेल्या गिऱ्हाइकांची बाजू नीट मांडली जात नाही, म्हणून लिहितो. डिक्सची सुरुवात १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे मासेमारीचे गळ आणि आमिषे विकणाऱ्या लहानशा दुकानाने झाली. एडवर्ड स्टॅक यांच्या वडिलांनी ते काढले होते. मासे धरणारे आणि शिकार करणारे हेच त्याचे मूळचे गिऱ्हाईक. अशा माणसाला त्याच्याच दुकानाने एके दिवशी दूरचित्रवाणीवरून सांगितले की तुझ्या अठरा वर्षांच्या मुलावर आमचा विश्वास नाही, तर त्याला ते लागणारच. तो मुलगा मतदान करतो आणि सैन्यात भरती होऊन तशाच बनावटीची रायफल देशासाठी खांद्यावर घेतो.

त्यानंतर जे झाले त्याने जखम चिघळली. कंपनीने वॉशिंग्टनमध्ये कडक कायद्यांसाठी लॉबी करणारी माणसे नेमली. उरलेल्या रायफली उत्पादकांकडे परत न पाठवता त्यांचे भंगार केले; तो माल सुमारे ५० लाख डॉलरचा होता, असे स्टॅक यांनीच २०१९ मध्ये सांगितले. एखादी वस्तू विकायची नाही असे ठरवणे हा दुकानदाराचा अधिकार आहे, हे मी मान्य करतो. पण दुसऱ्या दुकानातून मी ती घेऊ नये म्हणून कायदा बदलायला निघणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी डिक्सला सोडले ते या दुसऱ्या गोष्टीमुळे. मॉसबर्ग आणि स्प्रिंगफील्ड आर्मरी या बंदूक उत्पादकांनीही मे २०१८ मध्ये त्यांच्याशी व्यवहार तोडले.

शिवाय अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या बहुतेक हत्या पिस्तुलांनी होतात. रायफलींचा वाटा त्यांत फारच थोडा आहे. पार्कलंडच्या मुलांचे दुःख मला परके नाही, माझी मुलगीही त्याच वयाची आहे आणि त्या आठवड्यात तिला शाळेत सोडताना माझे हात थरथरत होते. पण निर्णय कशावर लागू पडतो हे पाहायलाच हवे.

कलमदान

कायद्याच्या अंगाने थोडे लिहिते. १९६८ च्या संघराज्याच्या कायद्यानुसार परवानाधारक विक्रेत्याला २१ वर्षांखालील व्यक्तीस पिस्तूल विकता येत नाही, मात्र रायफल आणि शॉटगन १८ व्या वर्षापासून विकता येते. डिक्सने पिस्तुलासाठी आधीच असलेली मर्यादा लांब बंदुकांना लावली. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी घटनेची दुसरी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी दुकानाला नाही. त्यामुळे 'आमचा घटनात्मक हक्क दुकानाने हिरावला' हा आक्षेप टिकत नाही. वयावरून भेदभाव झाला, हा आक्षेप मात्र काही राज्यांत गंभीर ठरतो. ओरेगनमध्ये १८ वर्षांवरील ग्राहकाला वयावरून वेगळे वागवण्यास कायद्याची आडकाठी असल्याने तेथील २० वर्षांच्या एका तरुणाने मार्च २०१८ मध्ये डिक्स आणि वॉलमार्ट या दोघांवर दावे लावले. त्याच महिन्यात फ्लोरिडाने सर्व बंदुकांसाठी वयाची अट २१ केली, म्हणजे ज्या राज्यात ही घटना घडली तेथे दुकानाचा नियम आठवडा-दीड आठवड्यात कायदाच झाला. सह्यकडा यांच्या मुद्द्यापुढे हे मांडणे मला आवश्यक वाटते: लॉबी करणे तुम्हाला अधिकाराबाहेरचे वाटते, पण बंदूक उत्पादकांच्या संघटना तेच काम कितीतरी वर्षे करत आल्या आहेत, आणि २००५ मध्ये उत्पादक व विक्रेत्यांना पीडितांच्या बहुतेक दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा त्यातूनच झाला.

तळकोकण

मी सिंधुदुर्गात राहतो, त्यामुळे अमेरिकेबद्दल अधिकाराने लिहू शकत नाही. आमच्याकडे रानडुकरे आणि वानर यांच्यापासून शेती राखण्यासाठी शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना असतो. आजोबांच्या नावावरची एकनळी बंदूक आमच्या माजघरात खुंटीला असे आणि प्रत्येक निवडणुकीच्या आधी ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागे. ती पावती आजोबा पंचांगात जपून ठेवत. १९५९ च्या शस्त्र कायद्याने आपल्याकडे २१ वर्षांखालील माणसाला सहसा बंदूक बाळगता येत नाही, आणि ती बंदूक चालवण्याइतका मोठा झालो असे मला वाटत असतानाही आजोबांनी तिला हात लावू दिला नाही, याचा मला कधी अपमान वाटला नाही. वयाची अट सगळ्यांना सारखी होती, म्हणून कदाचित तसे वाटले नसेल. पैशांचे पुढे काय झाले, हे कोणी सांगेल का?

काउंटरमागची

पैशांचे सांगते. स्टॅक यांच्या म्हणण्याप्रमाणे या निर्णयापायी कंपनीची सुमारे २५ कोटी डॉलरची विक्री गेली, आणि ६२ कर्मचारी निषेध म्हणून नोकरी सोडून गेले. २०१८ मध्ये जुन्या दुकानांची विक्री ३.१ टक्क्यांनी घटली, २०१९ मध्ये ती ३.७ टक्क्यांनी वाढली. मधल्या काळात त्यांनी काही दुकानांतून शिकारीचा विभागच उचलला. आधी दहा दुकानांत प्रयोग केला, २०१९ मध्ये आणखी १२५ दुकानांत, आणि २०२० मध्ये सुमारे ४४० दुकानांतून तो काढायचे ठरवले. त्या जागेवर त्या त्या भागात खपणारा माल लावला. आनंदाने अभिनंदन करणारी गिऱ्हाइके पहिले काही आठवडे गर्दी करतात. रागावलेली गिऱ्हाइके मात्र वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात, हे आमच्या लहान दुकानानेही अनुभवले आहे.

एक गोष्ट डिक्सच्या विरोधातली आहे, आणि तीही लिहायला हवी. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली, तेव्हा कंपनीने डिक्सच्या दुकानांतून या रायफली काढल्या होत्या. पण पुढच्याच वर्षी आपल्याच फील्ड अँड स्ट्रीम या नावाच्या दुकानांत त्या पुन्हा विकायला ठेवल्या. २०१८ मध्ये त्या ३५ दुकानांतूनही काढल्या, तेव्हा कुठे निर्णय पूर्ण झाला. मधली पाच वर्षे मला आजही खटकतात.

मोनोंगहेला

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी अंगणात बसून मी शेजाऱ्यांशी या विषयावर बोललो. सह्यकडा, तुमचा अंदाज बराचसा खरा निघाला. वयाच्या अटीपेक्षा त्यांना रायफली चिरडल्याची चीड अधिक आहे, कारण चांगले अवजार मोडून टाकणे त्यांना पाप वाटते.

मग मी त्यांना काउंटरमागची ताईंच्या मालकांची गोष्ट सांगितली. ती त्यांनी लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाले की त्यांचा गावातला बंदूकवालाही पक्के उत्तर आल्याशिवाय बंदूक देत नाही, आणि ते योग्यच आहे. तसे असेल तर डिक्सचा नकार वेगळा कसा, असे मी विचारले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, तो दुकानदार एका माणसाला थांबवतो आणि त्याच्याशी बोलतो. इथे माझ्या नातवाला कोणी पाहिलेसुद्धा नाही. मला हे पूर्णपणे पटलेले नाही, कारण हजारो गिऱ्हाइके असलेल्या साखळीला प्रत्येक मुलाला ओळखणे शक्य नाही आणि म्हणूनच वयाची रेघ ओढावी लागते, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची ते मला कळले नाही.

गिफ्ट कार्ड मी मुलाच्या बुटांसाठी वापरणार आहे. नातवाच्या हातमोजासाठी शनिवारी आम्ही दोघे गावातल्या दुसऱ्या दुकानात जाणार आहोत.