मदत हवी आहे: उन्हाळ्यात झेपेल अशी क्राफ्ट बिअर

मंडळी, मे महिन्यात भाऊजी नागपूरहून पुण्यात येतायत. त्यांनी आजवर बाटलीतली स्ट्राँगच प्यायली आहे, त्यामुळे एकदा मायक्रोब्रूअरीत (जिथे बिअर तिथेच बनवतात) न्यायचा बेत आहे. भर उन्हात ७-८ टक्क्यांची बिअर मला नको वाटते. माणूस दोन ग्लासांत गळून जातो.

माझी पहिली पसंती बेल्जियन विट, म्हणजे गव्हाची हलकी बिअर. संत्र्याची साल, धणे, साधारण ५ टक्के अल्कोहोल, कडूपणा जवळजवळ नाहीच. हेफेवायझन ही गव्हाची जर्मन बिअरही मला आवडते, पण तिचा केळ्या-लवंगेसारखा वास नवख्याला रुचेल का? आयपीए ही कडवट बिअर तर पहिल्याच भेटीत नकोच.

खरी उत्सुकता गोझाबद्दल आहे: आंबटसर, किंचित खारट जर्मन गव्हाची बिअर. घामाच्या दिवसांत मीठ-आंबट आपल्या जिभेला पटायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर भागात सध्या कुठे नळावर ताजी मिळते का? कोकम किंवा कैरी घातलेली कुणी चाखली आहे का? आणि सोबत खायला काय मागवावं? भाऊजी शाकाहारी आहेत.