एकाच गायिकेची तीन म्युझिक मॅगझीन कव्हरं केली, तिन्ही सारखीच दिसतायत, मदत करा

रेघोट्या:
नमस्कार मंडळी. कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. असाइनमेंट अशी की एक काल्पनिक गायिका घ्यायची आणि तिला तीन वेगवेगळ्या म्युझिक मॅगझीनच्या कव्हरवर टाकायचं, एक शाळाकॉलेजातल्या पॉपवाल्या पोरींसाठी, एक मेटलवाल्यांसाठी (म्हणजे दणदणीत गिटारचं कडक रॉक ऐकणारे), एक पन्नाशीतल्या जुन्या रॉकप्रेमींसाठी. मॉडेल म्हणून ताईला उभं केलं, फोटो एकच ठेवला, रंग आणि फॉन्ट बदलले. गुलाबी, काळा, तपकिरी. सरांनी तिन्ही शेजारी ठेवली आणि म्हणाले, एकाच बाईने तीन साड्या नेसल्यात. परवा परत दाखवायचंय. नेमकं बदलायचं तरी काय?

जुनी_कॅसेट:
सर भारी आहेत तुझे :) फोटो एकच ठेवलास तिथेच गाडी घसरली. ब्रिटनचं मेटलवाल्यांचं मॅगझीन केरँग बघ. नावच गिटारच्या दणक्याच्या आवाजावरून, १९८१ साली साउंड्स नावाच्या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालं, पहिल्या कव्हरवर एसी/डीसी बँडचा गिटारवाला अँगस यंग. वर नावाची अक्षरं तडा गेलेल्या काचेसारखी, म्हणजे लांबून नुसतं नाव दिसलं तरी आत काय वाजतंय ते कळतं. तिथे तुझ्या ताईचं गोड हसू कसं चालेल, कॅमेरा खालून लाव आणि तिला ओरडायला सांग.
आता मोजो, जुन्या रॉकप्रेमींचं ब्रिटिश मॅगझीन. पहिला अंक १९९३ चा, कव्हरवर बॉब डिलन आणि बीटल्सचा जॉन लेनन, म्हणजे तेव्हासुद्धा जुनेच लोक! त्या वाचकाला नवीन चेहरा नकोच असतो, त्याला त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला हिरो हवा असतो आणि वर फुकट सीडी. तिथे आजचा फोटो उपयोगाचा नाही, गायिकेचा तरुणपणचा, दाणे दिसणारा ब्लॅक अँड व्हाइट पाहिजे.

खारीबटर:
पंधरा वर्षं लेआउट करतोय म्हणून सांगतो, स्टॉलवर कव्हर अख्खं दिसतच नाही. आम्ही एकदा एका अंकाला सगळा मजकूर झोकात उजवीकडे लावला, दिसायला काय देखणा, आणि स्टॉलवाल्याने अंक एकावर एक सरकवून मांडले, आमच्या वाट्याला डावीकडची चार बोटं पट्टी, तिच्यात गायकाचा एक कान. बस. तेव्हापासून कामाचं नाव डावीकडे म्हणजे डावीकडेच.
आणि पॉपचं कव्हर स्वच्छ करायच्या भानगडीत पडू नकोस हां. तुम्हा आर्टवाल्यांना मोकळी जागा फार आवडते. स्मॅश हिट्स हे ब्रिटनचं पॉप मॅगझीन गाण्यांचे शब्द छापायचं, पोरं ते पाठ करायची, पोस्टर भिंतीला लावायची. आत काय काय मिळणार ते सगळं कव्हरवर ओरडून सांगायला लागतं, पाचसहा चेहरे, पिवळ्या चकत्या, उद्गारचिन्हं. आपल्याला गिचमिड वाटते पण बारा वर्षांच्या पोरीला ती जत्रा वाटते.

फिरस्ती_मैना:
जरा असहमत. रोलिंग स्टोन या अमेरिकन मॅगझीनचं २२ जानेवारी १९८१ चं कव्हर आठवा, उघडा लेनन बायकोला, योकोला बिलगून झोपलाय, फोटोग्राफर ॲनी लीबोविट्झने फोटो काढला आणि त्याच दिवशी काही तासांत लेननची हत्या झाली. वर फक्त मासिकाचं नाव, बाकी एक ओळ नाही. मग गर्दी लागतेच असं कुठंय?

खारीबटर:
अहो ताई, ते कव्हर आलं तेव्हा बातमी जगभर झालेली होती, ओळ लिहून काय सांगणार? हिची गायिका काल्पनिक आहे, तिला कुत्रं ओळखत नाही, तिथे नुसता फोटो टाकला तर लोक शांपूची जाहिरात समजतील.

जुनी_कॅसेट:
+१ शांपू

रेघोट्या:
सगळ्यांचे खूप आभार!! काल रात्री गच्चीवर ताईला काजळ फासून ओरडायला लावलं, खालच्या मजल्यावरचे काका काठी घेऊन वर आले, पण मेटलचा फोटो मिळाला. पॉपला ताईबरोबर तिच्या चार मैत्रिणी घेतेय, चकत्यांसकट. तिसऱ्याचं मात्र अडलेलं, वीस पंचवीस वर्षांपूर्वीची ताई आणणार कुठून, तेव्हा ती रांगत होती. तर आईने कपाटातून स्वतःचा १९९४ चा गॅदरिंगचा फोटो काढून दिला, हातात माइक, डोळे मिटलेले, कडा पिवळ्या पडल्यात. थेट ताईच. आई फक्त एवढंच विचारतेय की नाव मोठ्या अक्षरात येणार ना.