कँटनचा 'संप-बहिष्कार' आणि 'परतभेट'

प्रश्न : १९२५-२६ च्या कँटन (आताचं ग्वांगझू)-हाँगकाँग इथल्या ब्रिटिशांविरुद्धच्या आंदोलनावरचा मजकूर मराठीत आणतेय. मुळात 'स्ट्राइक-बॉयकॉट' आहे. 'संप-बहिष्कार' कानाला खटकतं. पुढे १९२८ मध्ये ब्रिटिश वसाहत असलेल्या हाँगकाँगचे गव्हर्नर क्लेमेंटी कँटनला गेले, तिथले जनरल ली जिशेन हाँगकाँगला आले. त्याला 'शिष्टाचार भेट' म्हणू का?

– खटकू दे, जोडशब्दच ठेवा. त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. अडीच लाखांच्या आसपास माणसं हाँगकाँग सोडून गेली, हा संप. (गुजरातीत 'संप' म्हणजे एकी, ते इथे अगदी चपखल बसतं.) हाँगकाँगचा माल आणि जहाजं अडवली, तो बहिष्कार. २३ जून १९२५ ला कँटनमधल्या शामीन या परदेशी वस्तीच्या बेटासमोर मोर्च्यावर गोळीबार झाला, पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यानंतर दोन्ही चिघळले. चिनी भाषा याबाबत काटेकोर आहे : बागोंग म्हणजे काम बंद, बाशी म्हणजे बाजार बंद, बाके म्हणजे वर्ग बंद. आपल्याकडे बाशीला 'हरताळ' आहे, बाकेला सुटा शब्द नाही.

– 'बहिष्कार'बद्दल थोडं. आपल्याकडे हा शब्द मुळात जातीबाहेर टाकण्याचा, म्हणजे ज्यांच्या हाती सत्ता त्यांनी इतरांवर घालायचा. १९२४ च्या 'बहिष्कृत हितकारिणी सभे'त तोच अर्थ आहे. टिळकांच्या चतुःसूत्रीतला मालावरचा बहिष्कार ही उलटी दिशा. बहिष्काराला चिनीत असलेल्या 'दीझी' या शब्दात बाहेर टाकणं नाहीच, थोपवून धरणं आहे. कँटनमध्ये तर संप समितीची हत्यारबंद पथकं माल तपासत होती. मी एखाद्या ठिकाणी सरळ 'नाकेबंदी' लिहीन.

– 'शिष्टाचार भेट' अजिबात नको. आपले पुढारी ती कशाला म्हणतात ठाऊक आहे ना? इथे मागे बराच इतिहास आहे. हाँगकाँगचा धंदा बसला, लंडनहून ३० लाख पौंडांचं कर्ज घ्यावं लागलं. जुलै १९२६ च्या वाटाघाटी संपकऱ्यांना पैसे द्यायचे का, यावरून अडल्या. शेवटी १० ऑक्टोबरला बहिष्कार उठला, तो कँटनने आयातीवर अडीच आणि चैनीच्या मालावर पाच टक्के जादा कर बसवून. ब्रिटिशांनी काणाडोळा केला. क्लेमेंटींना कँटनी बोलता येत असे, पण नुसत्या गोड बोलण्याने हे मिटणारं नव्हतं. 'भेट आणि परतभेट' लिहा. परतभेट बरोबरीच्या माणसाचीच होते. वसाहतीच्या गव्हर्नराने भेटींची ही देवाणघेवाण केली, बातमी तीच आहे.

– (मूळ प्रश्नकर्ती) 'परतभेट' घेतला. 'संप-बहिष्कार'ही ठेवते, संपादकांनी 'आंदोलन' करून टाकलं नाही तर.