सल्ला हवा: गुलमर्गच्या बर्फात आणि शेतातल्या थंडीत टिकतील असे चामड्याचे हातमोजे

गोदाकाठ_परभणी

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही चौघं मित्र गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायलोत. जॅकेट, पँट, बूट तिकडंच भाड्यानं घेणार आहोत, पण हातमोजे मात्र स्वतःचेच न्या असं जो तो सांगायलाय.

दुसरं असं की आमच्याकडं मोटारीची लाईट रात्रीची असली की गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला मीच जातो. परभणीची थंडी तुम्हाला माहितीच आहे. पारा पाच-सहा अंशांवर आला की लोखंडी व्हॉल्व्ह फिरवताना बोटं बधिर होतात. बांधावरची बाभूळ छाटणं, कुंपणाची काटेरी तार ओढणं हीसुद्धा थंडीतलीच कामं. म्हणून चामड्याचा एकच चांगला जोड घ्यावा आणि दोन्हीकडं वापरावा असं मनात आहे. पाच हजारांपर्यंत तयारी आहे. कोणतं कातडं घ्यावं, आतून कसं असावं, आणि कुठं मिळेल?

जालना_रोलिंगमिल

भाऊ, मी रोज चामड्याचे हातमोजे घालून काम करणारा माणूस आहे. आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. एमआयडीसीजवळच्या सेफ्टीच्या दुकानात वेल्डिंगचे जाड हातमोजे स्वस्तात मिळतात. ते बघून कुणालाही वाटतं की एवढं जाड आहे म्हणजे बर्फातही चालेल. नाही चालणार. ते स्प्लिट लेदर असतं, म्हणजे कातड्याचा वरचा गुळगुळीत थर काढून घेतल्यावर खाली उरतो तो लवदार थर. उष्णतेला आणि ठिणग्यांना तो चांगला, पण पाणी स्पंजासारखा पितो. बर्फात तासाभरात हात ओले होतील.

दुकानात "ग्रेन लेदर", म्हणजे तो वरचा गुळगुळीत थर असलेलं कातडं, मागा. आणि पाकिटावर किंवा मोज्याच्या मनगटावर छापलेले आकडे वाचायची सवय लावा. हातोड्याच्या चित्राखाली ईएन ३८८ (हे युरोपचं मानक) लिहिलेलं असतं आणि पुढं चार आकडे. पहिला घासण्याला किती टिकतो त्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. बाभळीसाठी तुम्हाला चौथा आकडा बघायचाय, तिथं ३ तरी असावा. थंडीसाठी वेगळं मानक आहे, ईएन ५११, त्यावर बर्फाच्या चांदणीचं चित्र असतं. त्याचे तीन आकडे: गार हवा किती अडवतो, गार वस्तू धरल्यावर थंडी किती अडवतो, आणि शेवटचा पाण्याचा. पहिले दोन ० ते ४ पर्यंत असतात, जितका मोठा तितका चांगला. तिसरा १ असला तर पाणी अडतं, ० असला तर अडत नाही. तुमच्या व्हॉल्व्हसाठी मधला आकडा कामाचा.

बालाघाटची_लेक

मी संभाजीनगरची. स्कीइंगचे दोन्ही कोर्स, म्हणजे आधी उत्तराखंडात औलीला आणि नंतर गुलमर्गला, करून आलेय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिकणाऱ्या माणसाचे हातमोजे पट्टीच्या स्कीअरपेक्षा जास्त लवकर झिजतात. कारण सरळ आहे. आपण सारखे पडतो, पडताना तळहात पुढं करतो, उठताना हातातल्या स्कीच्या काठीवर सगळं वजन टाकतो. स्की, म्हणजे पायाला लावायच्या लांब फळ्या, खांद्यावर टाकून उतारापर्यंत चालत जावं लागतं, आणि स्कीच्या दोन्ही कडांना धार लावलेली पोलादी पट्टी असते. ती तळव्यावर आणि बोटांच्या पेरांवर घासत राहते. नुसत्या कापडी मोज्यांचे धागे तिथं आठवडाभरात सुटताना मी कितीतरी जणांचे पाहिलेत. म्हणून निदान तळवा आणि बोटांची आतली बाजू तरी चामड्याची हवीच. पूर्ण चामड्याचा मिळाला तर उत्तम.

विकत घेताना मोजा हातात घालून अंगठा आणि तर्जनी ताणा आणि मधल्या बेचक्यात बघा. काठीची मूठ तिथंच रुतते, मोजाही पहिल्यांदा तिथंच फाटतो. बेचक्यात चामड्याचा जादा तुकडा लावून दुहेरी शिवण घातलेली असली तर मोजा टिकेल. एकेरी शिवण असेल आणि ताणल्यावर टाक्यांच्या भोकांतून उजेड दिसत असेल तर दुकानदार काहीही म्हणो, तो जोड खाली ठेवा.

आतला भाग सुटा निघणारा असावा, यावर मी अडून राहीन. बाहेर चामड्याचं कवच आणि आत वेगळा काढता येणारा लोकरीचा किंवा फ्लीसचा मोजा. दिवसभरात घामानं आतला ओला होतोच. तो काढून वाळवता येतो, दुसरा कोरडा घालता येतो. अस्तर शिवून टाकलेला जोड एका रात्रीत आतून वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओलसर, गारढोण मोजा हातात घालावा लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं, तेव्हा ओलसर आणि कोरड्यात किती फरक पडतो ते बघा.

सुती आतला मोजा मात्र अजिबात नको.

धाराशिव_चर्मतंत्र

मी लेदर टेक्नॉलॉजी शिकलोय, म्हणून कातड्याबद्दल बोलतो.

तुमच्या कामाला बकऱ्याचं कातडं सगळ्यात योग्य. शेळीच्या कातड्यात तंतूंची वीण घट्ट असते, त्यामुळं ते पातळ ठेवूनही मजबूत राहतं. बोटं वाकतात, बुटाचं बक्कल मोजा न काढता लावता येतं. आपल्या धाराशिव भागातली उस्मानाबादी शेळी मटणाबरोबर कातड्यासाठीही नावाजलेली आहे. गाईचं कातडं जाड आणि दणकट, पण नवं असताना कडक, महिनाभर वापरल्यावर हाताला येतं. म्हशीचं त्याहून जड. मेंढीचं स्पर्शाला लोण्यासारखं मऊ असतं, पण सैल विणीचं. ते फॅशनच्या मोज्यांना ठीक, स्कीच्या धारेपुढं टिकत नाही. डुकराचं कातडं आपल्याकडं कमी दिसतं, पण त्याचा एक मोठा गुण आहे. भिजून वाळलं तरी ते फारसं कडक होत नाही. अमेरिकेत स्कीच्या लिफ्टवर काम करणारी आणि स्की पेट्रोलची, म्हणजे उतारावर गस्त घालणारी, मंडळी किंको कंपनीचे डुकराच्या कातड्याचे साधे कामाचे मोजे मेण लावून वर्षानुवर्षं वापरतात, ते त्यामुळंच. स्वीडनची हेस्त्रा कंपनी आज स्कीच्या मोज्यांसाठी ओळखली जाते, पण १९३६ मध्ये तिची सुरुवात लाकूडतोड्यांसाठी मोजे शिवण्यातून झाली. म्हणजे काम आणि बर्फ दोन्हीला एकच मोजा हा तुमचा विचार मुळात चुकीचा नाही.

पण कमावलेलं कसं आहे ते विचारा. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्यात कमावलेलं कातडं आपल्या चपलांना, पट्ट्यांना फार छान. ते भिजलं आणि गरम जागी वाळवलं की मात्र आकसतं आणि फळीसारखं होतं. क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं ओलं कातडं साधारण १०० अंशांपर्यंत आकसत नाही, सालीत कमावलेलं ७०-८५ च्या आसपासच आकसायला लागतं. हातमोज्याला क्रोमचंच घ्या. ओळखायचं कसं? मोज्याची किनार जिथं कापलेली असते तिथं आतला रंग बघा. क्रोमचा बहुतेक वेळा निळसर-करडा दिसतो, सालीचा तांबूस-तपकिरी. तीच कडा बघून रेक्झिनही कळतं, कारण कातड्यात तंतू दिसतात आणि रेक्झिनमध्ये कापडावर चढवलेला थर दिसतो.

गोदाकाठ_परभणी

फार मोलाची माहिती देताय सगळे. ताई, दादा, एक विचारू का? आमचे आजोबा विहिरीवरच्या चामड्याच्या मोटेला तेल चोळायचे असं वडील सांगतात. घरची करडई आहे, घाण्यावरचं तेल आहे. मोज्यांना तेच लावलं तर?

धाराशिव_चर्मतंत्र

करडईचं नको. ते तेल हवेत हळूहळू सुकतं आणि चिकट पापुद्रा धरतं, वर धूळ बसते, खवट वासही येतो. मोटेची गोष्ट वेगळी होती, ती रोज पाण्यात भिजायची आणि तेल सारखं लागायचं.

तुम्ही मेण लावा. मधमाशीचं पिवळं मेण आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात मिळतं. ते पाण्याच्या वाफेवर वितळवून त्यात थोडं एरंडेल घाला, म्हणजे गार झाल्यावर बोटानं घेता येईल इतकं मऊ राहील. एरंडेल सुकत नाही, म्हणून ते घ्यायचं. मोजे गच्चीवर कोवळ्या उन्हात ठेवून कोमट करा आणि पहिल्यांदा शिवणींवर चोळा. पाणी कातड्यातून येण्याआधी सुईच्या भोकांतून येतं. मग तळवा, मग बोटांची टोकं. हेअर ड्रायर लांबून फिरवला की मेण आत मुरतं. वर राहिलेलं फडक्यानं पुसून घ्या. थापून लावलं की मोजा श्वास घेत नाही, घाम आत साठतो. जाण्याआधी आठवडाभर हे करून ठेवा, निघायच्या आदल्या रात्री नको.

माजी_फौजी_उदगीर

वरच्या सगळ्यांचं बरोबर आहे. मी काश्मीरमध्ये ड्यूटी केलेली आहे, तेव्हा दोन-चार गोष्टी माझ्याकडून.

मापाला महत्त्व द्या. फीत घेऊन उजव्या हाताचा पंजा अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी गोल मोजायचा. जितके इंच भरेल तो नंबर. आठ इंच म्हणजे साधारण आठ नंबर. पण आत लोकरीचा मोजा घालणार असाल तर अर्धा ते एक नंबर वर जा. घट्ट मोजा माणसाला गरम वाटतो, प्रत्यक्षात तो रक्त अडवतो आणि बोटं लवकर गार पडतात. मूठ आवळल्यावर बोटांच्या टोकाशी थोडी जागा राहिली पाहिजे.

गुलमर्गला खोली गरम करायला लाकडावर चालणारी शेगडी, बुखारी, असते. संध्याकाळी आलं की सगळे ओले मोजे तिच्यावर ठेवतात. तसं करू नका. आतला मोजा बुखारीजवळ दोरीवर टांगा, चामड्याचा लांब, खोलीच्या वाऱ्यावर, बोटं खाली करून. कोरड्या आचेनं कातड्यातलं तेल निघून जातं आणि वळण पडतं तिथं चीर जाते. क्रोमचं असलं तरी जाते.

मनगटाला दोरी असलेला मोजा घ्या, नसेल तर शिवून घ्या. गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, वर सुमारे ३,९५० मीटरवर अफरवट डोंगराच्या खांद्यावर नेऊन सोडतो. तिथं वाऱ्यात मोजा उडाला तर उघड्या हातानं खाली येणं म्हणजे हिमदंशाला बोलावणं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही तिथवर जाणार नाही हे माहीत आहे, तरी सवय आत्ताच लावा. बोटं पांढरी पडली, चिमटा काढून कळेना, तर चोळायची नाहीत आणि बर्फ तर अजिबात लावायचा नाही. काखेत धरायची आणि प्रशिक्षकाला लगेच सांगायचं.

जालना_रोलिंगमिल

फौजी काका, सलाम तुम्हाला.

गोदाकाठ भाऊ, शेताचं राहिलं. रात्री दारं धरताना हात चिखलात जातात, पाइपाची जोडणी पाण्यातच करावी लागते. त्या कामाला चामडं वापरू नका, कितीही मेण लावा. चिखल कातड्यातलं तेल ओढून घेतो. त्याला रबराचा किंवा नायट्राइलचा (कृत्रिम रबराचा) लेप दिलेला, आतून फ्लीसचा मोजा घ्या, सेफ्टीच्या दुकानात मिळतो आणि धुता येतो. बाभूळ, तार, लाकूडफाटा यांना गाईच्या ग्रेन लेदरचा साधा जोड घ्या, त्याला "ड्रायव्हर ग्लोव्हज" म्हणून मागा. बर्फाचा जोड काट्यात घातला तर एकेका काट्याचं भोक पडेल आणि तेवढ्या भोकांतून तिकडं पाणी येईल.

आणि हे फार मनापासून सांगतो. चामड्याचा मोजा घालून मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत हात घालू नका. दहिवरानं किंवा घामानं ओलं झालेलं चामडं करंट अडवत नाही. विजेच्या कामाला आयएस ४७७० (हे भारतीय मानक) छापलेले रबरी मोजे असतात. रात्रीच्या लाईटीनं आपल्याकडं किती घरं उघडी पडलीत, तुम्हाला सांगायला नको.

गोदाकाठ_परभणी

खरंय दादा. आमच्या शेजारच्या गावात झालंय. ते रबरी मोजे उद्याच आणतो.

मग असं ठरवलंय: बकऱ्याच्या कातड्याचा, सुट्या अस्तराचा एक जोड बर्फासाठी, बाकी शेताचे वेगळे. आता हा पहिला जोड कुठं मिळेल तेवढं सांगा.

बालाघाटची_लेक

पाच हजारात बसेल. मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानांत स्कीचे मोजे असतात, पण त्यातल्या पुष्कळांना चामडं नसतं किंवा फक्त तळव्याला पट्टी असते, लेबल वाचून घ्या. बाहेरच्या नामांकित कंपन्यांचे पूर्ण चामड्याचे जोड तुमच्या हिशेबाबाहेर जातील आणि पहिल्या कोर्सला त्यांची गरजही नाही. कोलकाता हे चामड्याच्या कामाच्या हातमोज्यांचं मोठं केंद्र आहे. तिथले बकऱ्याच्या ग्रेन लेदरचे, विनाअस्तर मोजे ऑनलाइन मिळतात. एक नंबर मोठा घ्या आणि आत लोकरीचा मोजा वेगळा घ्या, दोन जोड. मनगट आखूड असलं तर आपल्या गटई स्टॉलवर नेऊन चार बोटं उंच पट्टी आणि बेचक्यात जादा तुकडा शिवून घ्या. मेण लावलेला नायलॉनचा दोरा वापरायला सांगा आणि जुन्याच भोकांतून सुई घालायला सांगा, म्हणजे कातड्याला नवी भोकं पडत नाहीत.

निर्मलची_नीता

धागा वाचतेय, आम्ही पण मैत्रिणी जाणार आहोत. माझी बोटं एरवीसुद्धा फार गार पडतात, नोव्हेंबरातच सुरू होतं. पाच बोटांचा घ्यावा की एकत्र पिशवीसारखा असतो तो?

बालाघाटची_लेक

नीताताई, तुम्ही पिशवीचाच घ्या, मिटन म्हणतात त्याला. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकींना ऊब देतात आणि थंडी लागायला पृष्ठभागही कमी उरतो. काठी धरायला काही अडचण येत नाही. बक्कल लावताना मात्र मिटन काढावा लागतो, म्हणून आत पातळ पाच बोटांचा लोकरीचा मोजा घाला, म्हणजे तेव्हाही हात उघडा पडत नाही. आणि नोव्हेंबरात बोटं पांढरी-निळी होत असतील तर जाण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.